जेबेलची तंबाखू, जेबेलची माणसं

बल्गेरियाच्या दक्षिणेला, ग्रीसच्या सीमेच्या अलीकडे, पूर्व रोडोपी डोंगरात जेबेल नावाचं गाव आहे. कागदोपत्री ते शहर, पण वस्ती तीन हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या निपाणी भागातल्या एखाद्या बऱ्यापैकी खेड्याएवढी. भोवतालची चाळीसहून जास्त खेडी त्याच्याच पालिकेत येतात; आपल्या हिशेबानं तो एक लहानसा तालुकाच झाला. सगळी मिळून आठेक हजार माणसं असतील, आणि त्यातली बहुतेक तुर्की बोलणारी मुसलमान. जिल्ह्याचं ठिकाण कर्जाली तिथून वीसेक किलोमीटरवर आहे. १९१२ च्या बाल्कन युद्धापर्यंत हा सगळा मुलूख ऑटोमन सुलतानाचा होता. युद्धानंतर सीमा सरकली आणि माणसं जागच्या जागी राहून दुसऱ्या देशाची झाली. आमच्या भागात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

निपाणीच्या माणसानं जेबेलचं नाव ऐकायला हवं ते मात्र तंबाखूसाठी. 'जेबेल बस्मा' हा तिथला वाण. जगातल्या उत्तम सुवासिक तंबाखूंत त्याची गणना होते. सिगारेटच्या मिश्रणात मोठ्या पानांची तंबाखू भरीला असते आणि वासासाठी थोडी बस्मा घालतात. आमची तंबाखू विडीची, कडक, घशाला झोंबणारी. दोन्हींची जात वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं एकच, पण जमीन, पाणी आणि हात वेगळे.

माझी भाची बल्गेरियातल्याच प्लॉव्हदिव शहरात डॉक्टरकी शिकते. तिच्या वर्गातली एक मुलगी जेबेलच्या बाजूच्या खेड्यातली. भाचीनं एकदा फोनवर सांगितलं, "मावशी, हिच्या आजीची तंबाखू आहे गं. तू बघायलाच पाहिजेस." मी तंबाखूवाल्याची मुलगी. माझे वडील वेदगंगेच्या काठच्या जमिनीत तंबाखू करायचे आणि आई निपाणीच्या एका वखारीत चाळणीला जायची. माझा जन्म मराठी शाळेत शिकवण्यात गेला. निवृत्तीनंतर हातात थोडे पैसे होते. भाचीकडे जायचंच होतं, मी जुलैच धरला, कारण तो त्यांच्या तोडणीचा महिना.

प्लॉव्हदिवहून कर्जालीकडे येताना आधी सपाट शेतं लागतात, मग डोंगर सुरू होतात. हे डोंगर आपल्या आंबोलीसारखे हिरवेगार नाहीत. कोरडे, खडकाळ, खुरट्या ओकांचे. अशा जमिनीत काय पिकणार असं कुणालाही वाटेल, आणि तंबाखूचं सगळं मर्म तिथंच आहे. बस्माला हलकी, दगडगोट्यांची, भुकेली जमीन लागते. पाणी जास्त दिलं, खत जास्त घातलं, की पान मोठं होतं आणि वास जातो. जेबेलचं चांगलं पान तळहातापेक्षाही लहान असतं. आम्ही शेंडा खुडतो, बगलफूट काढत राहतो, पान जाड आणि कडक व्हावं म्हणून झाडाला दमवतो. तिकडे मी सवयीनं एका झाडाच्या शेंड्याकडे हात नेला, तर त्या घरच्या आजींनी माझं मनगट धरलं. शेंडा राहू द्यायचा, फूल येऊ द्यायचं, पान कोवळं आणि पातळ राहायला हवं.

या आजींना मी अब्ला म्हणू लागले. थोरल्या बहिणीला तिकडे अशी हाक मारतात. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांच्या नातीनं तुर्कीतून बल्गेरियन-इंग्रजीत आणायचं, भाचीनं तिथून मराठीत, असा आमचा संवाद चालायचा. तंबाखूच्या शेतात मात्र दुभाष्याची गरज फार कमी पडली.

तोडणी अंधारात सुरू होते. कपाळाला दिवा बांधून सगळं घर शेतात उतरतं. पहाटेच्या गारव्यात पान ताठ असतं, देठापाशी अंगठा दाबला की कट्‌कन तुटतं. ऊन चढलं की पान मऊ पडतं आणि त्यावरचा चीक बोटांना धरतो. खालची पानं आधी पिकतात, म्हणून एका खेपेला झाडाची खालची दोन-चार पानंच घ्यायची. पुन्हा काही दिवसांनी त्यांच्या वरची. एकाच झाडाकडे अख्ख्या उन्हाळ्यात कित्येकदा वाकायचं. आमच्याकडे झाड पूर्ण पिकलं की बुडातून कापून शेतातच उन्हाला पसरतात. आमची कंबर कापणीला मोडते. त्यांची जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोजच मोडत असते.

दव पडलेल्या पानातून निकोटीन कातडीवाटे अंगात जातं. नव्या माणसाला मळमळ सुटते, डोकं गरगरतं. हा त्रास जगभरच्या तंबाखूतोड्यांना होतो, आणि माझी आई वखारीतून येऊन भिंतीला टेकून बसायची ती कशानं, हे मला तिच्या माघारी कळलं. तिच्या काळात त्याला 'तंबाखू लागली' एवढंच म्हणायचे आणि गुळाचा खडा द्यायचे.

सकाळी नऊच्या सुमाराला सगळी टोपली अंगणातल्या मांडवाखाली येतात. मग ओवणी. हातभर लांब चपटी सुई, तिच्यात एकेक पान मधल्या शिरेतून टोचायचं, सगळी पानं एका अंगाला तोंड करून. सुई भरली की दोऱ्यावर उतरवायची. दोरे लाकडी चौकटींना ताणून उन्हात लावायचे आणि पावसाची चाहूल लागली की प्लास्टिक ओढायचं. हिरवं पिवळं होतं, पिवळं सोनेरी. आता ओवायला यंत्रंही आली आहेत, पण अब्लांचा त्यांच्यावर विश्वास नाही. यंत्र पानं फाडतं म्हणतात. त्यांची बोटं बघत मी बराच वेळ बसले. नजर दुसरीकडे, बोलणं चालू, आणि पानं आपापली सुईवर चढताहेत. आईचं चाळणीवर असंच होतं. खकाण्यानं, म्हणजे तंबाखूच्या बारीक धुळीनं, डोळे लाल झालेले, पण हाताला काय लागतंय ते तिला न बघता कळायचं: काडी कुठली, पत्ती कुठली, भुकटी कुठली.

ओवतानाच अब्लांनी १९८४ च्या हिवाळ्याची गोष्ट काढली.

त्या डिसेंबरात बल्गेरियाच्या कम्युनिस्ट सरकारनं देशातल्या तुर्कांची नावं बदलायला घेतली. सुरुवात याच कर्जाली जिल्ह्यातून झाली. गावाला वेढा घालायचा, वीज-फोन तोडायचे, घराघरातून माणसं बोलवायची आणि बल्गेरियन नावांच्या यादीतून एक निवडायला लावायचं. आयेशेची आना करायची, मेहमेदचा मिहाइल. काही महिन्यांत आठ लाखांवर माणसांची नावं बदलली. रस्त्यात तुर्की बोललं तर दंड, सुंतेवर बंदी, बायकांच्या शलवारींवर बंदी. मेलेल्यांनाही सोडलं नाही, नोंदींमधून त्यांचीही नावं बदलली. याच जिल्ह्यातल्या मोगिल्याने गावात २६ डिसेंबर १९८४ रोजी जमलेल्या लोकांवर गोळ्या चालल्या. त्यात आईच्या पाठीवरची दीड वर्षाची तुर्कान गेली. तिच्या स्मरणार्थ तिथं दगडी पाणवठा बांधलाय. दर वर्षी त्या तारखेला लोक तिथं जमतात.

अब्लांना नवं नाव मिळालं. त्यांनी ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या की तंबाखू घालायला गेलं की वजनाच्या पुस्तकात ते नाव असायचं, आणि घरी येऊन पुस्तक पेटीत टाकलं की पेटी बंद. घरात, शेतात, ओवणीच्या मांडवाखाली जुनंच नाव चालायचं, आवाज खाली करून.

इथं मी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण आमच्या सीमाभागातले वाचक लगेच तुलना करतील. माझ्याही मनात ती आली. १ नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या फेरीत वडिलांचं बोट धरून मी चालले आहे. १९५६ साली आमचा मराठी मुलूख कन्नड राज्यात गेला, त्याची सल आमच्या घरात आहे. सरकारी कागद आपल्या भाषेत मिळत नाही याचा जाच मी अंगावर काढला आहे. पण आमची नावं कुणी बदलली नाहीत. मी आयुष्यभर मराठी शाळेत मराठीतून शिकवलं आणि पगार कर्नाटक सरकारनं दिला. जेबेलच्या माणसांनी जे सोसलं त्याच्या शेजारी आमचं दुःख ठेवताना मोजमाप सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

चार-साडेचार वर्षं अशी गेली. १९८९ च्या मे महिन्यात लोकांचा बांध फुटला. उपोषणं सुरू झाली आणि मोर्चे निघाले. ज्या गावांतून हे सगळ्यांत आधी पेटलं त्यांत जेबेल होतं. नावं परत द्या, भाषा परत द्या, एवढंच मागणं. जेबेलमध्ये मे महिन्यातल्या त्या दिवसांची आठवण अजून पाळतात. २९ मे रोजी राष्ट्राध्यक्ष टोडोर झिव्कोव यांनी टीव्हीवर येऊन तुर्कस्तानला आव्हान दिलं की तुम्ही सीमा उघडा, ज्याला जायचंय तो जाईल. जूनमध्ये सीमा उघडली आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तुर्कस्ताननं ती बंद करेपर्यंत तीन लाखांहून जास्त माणसं घरदार टाकून गेली. लाडा मोटारींच्या टपावर गाद्या, शिवणयंत्रं, फ्रीज बांधलेले. कितीतरी जणांना सामान बांधायला काही तासच मिळाले.

आणि जून ते ऑगस्ट म्हणजे कुठले महिने? तोडणीचे.

अब्ला हे सांगताना सुई खाली ठेवून बोलल्या. बाकी सगळं त्यांनी काम करत सांगितलं होतं. पानं पिवळी पडून झाडावरच गळत होती. सरकारनं शहरांतून विद्यार्थी आणले, कारकून आणले, कारखान्यांतले कामगार आणले, शांततेच्या काळात लोकांना सक्तीनं कामाला लावायचा हुकूम काढला. त्या काळी बल्गेरिया सिगारेटी विकणाऱ्या देशांत जगात आघाडीवर होता, माल मुख्यतः सोव्हिएत संघात जायचा, आणि त्याच्या पानाचा मोठा हिस्सा या डोंगरातल्या तुर्की घरांतून यायचा. ज्या हातांवर तो धंदा उभा, तेच हात सीमेपार गेले. आणलेल्या माणसांना कुठलं पान आज तोडायचं आणि कुठलं चार दिवसांनी, हे कोण सांगणार? शेजारच्या शेतात सोफियाहून आलेली पोरं होती म्हणे. बिचारी शेंड्याची कच्ची पानंच आधी तोडत होती, उभ्यानं हाताला तीच लागतात म्हणून. अब्ला तेव्हा अजून गावात होत्या, निघायची पाळी यायची होती. त्या बांधावरून गेल्या आणि त्यांना खालचं पान दाखवून आल्या. ज्या राज्यानं आपलं नाव काढून घेतलं त्याची तंबाखू वाया जाऊ नये म्हणून? मी विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, "तंबाखू राज्याची कुठली? ती झाडाची."

मला जेबेलबद्दल जे सांगायचंय ते याच जागी आहे. नकाशावरचं गाव कुणाचं, याचा निवाडा सरकारं करतात. पण त्या उतारावरचं पान कधी तोडायचं हे ज्यांच्या बोटांना कळतं, त्यांचंच ते गाव असतं. नावांची यादी घेऊन आलेल्या अधिकाऱ्यांना ही गोष्ट उमगली नव्हती, ती त्या ऑगस्टमध्ये शेतात गळून पडलेल्या पानांनी त्यांना दाखवली.

झिव्कोव १० नोव्हेंबर १९८९ ला पायउतार झाले. डिसेंबरअखेर नावं परत द्यायचा निर्णय झाला आणि १९९० मध्ये त्यासाठी कायदा आला. गेलेल्यांपैकी दीडेक लाख माणसं परतली. अब्ला तुर्कस्तानातल्या बुर्साहून परत आल्या, त्यांचा थोरला मुलगा मात्र तिथंच राहिला. २०१२ च्या जानेवारीत बल्गेरियाच्या संसदेनं ठराव करून त्या नावबदलीचा निषेध केला. आज जेबेलच्या पट्ट्यात उन्हाळ्यात गेलात तर तुर्कस्तानच्या नंबरप्लेटच्या गाड्या प्रत्येक गल्लीत दिसतात. बंद घरांची दारं उघडतात, लग्नं होतात, सप्टेंबरात पुन्हा कुलपं लागतात.

या डोंगरातला एक माणूस आपल्याकडच्या खेळवेड्यांना माहीत असेल. वेटलिफ्टर नईम सुलेमानोग्लू. शेजारच्या मोम्चिलग्राद तालुक्यातल्या प्तिचार गावात १९६७ साली जन्मलेला, चार फूट दहा इंचांचा. त्याचंही नाव बदलून नाउम शालामानोव केलं होतं. १९८६ मध्ये मेलबर्नला स्पर्धेसाठी गेला आणि तिथून निसटून तुर्कस्तानला पोचला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलो गटात त्यानं क्लीन अँड जर्कमध्ये १९० किलो उचलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. नंतर १९९२ आणि १९९६ लाही सुवर्ण. अब्लांच्या घरात त्याचं चित्र आहे, देवघरात लावावं तसं उंच जागी.

आज तिथली तंबाखू मात्र कमी होत चालली आहे. २००७ मध्ये बल्गेरिया युरोपीय संघात गेला. त्यानंतर तंबाखूच्या किलोमागे मिळणारं अनुदान संपलं, खरेदी खाजगी कंपन्यांच्या हातात गेली आणि भाव काय मिळेल याचा भरवसा राहिला नाही. हे ऐकून मला निपाणीचं १९८१ आठवलं. तेव्हा मी शाळेत होते. शरद जोशींच्या हाकेवर तंबाखूवाल्या शेतकऱ्यांनी बैलगाड्यांसह पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला होता, आणि एप्रिलमध्ये गोळीबार होऊन माणसं मेली. वडील त्या रस्त्यावर होते. मागणं भावाचंच होतं. आज आमच्या शिवारात पाणी आलंय आणि जिकडे बघावं तिकडे ऊस आहे. जेबेलला पाणी नाही, उसाचा प्रश्नच नाही, तिथली पोरं जर्मनीला जातात.

मला या दोन्ही गोष्टींबद्दल नुसतं हळहळायचं नाही. तंबाखूनं काय केलंय ते मी घरात पाहिलंय. आईच्या छातीतला खकाणा शेवटपर्यंत निघाला नाही. अब्लांनीही नातीला शेतात फार येऊ दिलं नाही, शिकायला पाठवलं, आणि ते त्यांनी उत्तम केलं. पीक गेलं तर जावो. त्याबरोबर त्या कामातली माणसं कुठंही न लिहिली जाता गेली तर मात्र मला ते सोसणार नाही. त्या मुलीनं आजीचं सगळं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय: कुठल्या महिन्यात काय करायचं, सुया कोण बनवायचं, मांडवाखाली बायका कुठली गाणी म्हणायच्या, १९८९ मध्ये कोण कुठल्या दिवशी गेलं. सीमेपलीकडे ग्रीसमधल्या कवाला बंदरात तंबाखूचं स्वतंत्र संग्रहालयच आहे. बस्मा पूर्वी तिथूनच जहाजावर चढायची. नातीला तिथल्या लोकांना हे रेकॉर्डिंग ऐकवायचंय.

परत आल्यावर मीही सुरुवात केली आहे. निपाणीच्या वखारींत काम केलेल्या बायका आता सत्तरीच्या पुढच्या आहेत. काही मराठी बोलणाऱ्या, काही कन्नड, कितीतरी दोन्ही. माझं कन्नड कामापुरतं आहे, त्यासाठी शेजारची एक निवृत्त शिक्षिका बरोबर येते. तुमच्या घरात, आळीत, माहेरी अशी कुणी बाई असेल तर इथं खाली कळवा, आम्ही येऊन बसू. आधी मला तीन गोष्टी लिहून घ्यायच्या आहेत: चाळणीच्या जाळ्यांना काय काय म्हणायचे, दिवसाची मजुरी कशावर ठरायची, आणि तंबाखू लागली की कोण काय औषध द्यायचं.